बाबांना काही नको

"अगं, हे बर्फाचं पाणी माझ्या नशिबी कुणी लिहिलं?"

बाथरूममधून सासूबाईंचा आवाज आला आणि बाहेर उभी असलेली सून दोन पावलं मागे सरकली. लिहिलं तिनंच होतं.

घरात बाथरूम एक, माणसं चार आणि पाणी किती गरम असावं यावरून रोज सकाळी जुंपायची. नव्यानंच घरात आलेली सून प्रयोगशाळेत आकडेमोडीचे प्रोग्रॅम लिहायची. तिनं हौसेनं गीझरला छोटा कॉम्प्युटर जोडला आणि आंघोळीच्या क्रमानं आकडे भरले. आधी सासरे, म्हणजे बाबा, मग कढत पाणीवाल्या सासूबाई, मग गार पाण्याचा शौकीन नवरा, शेवटी कोमटवाली ती स्वतः. बाबांना विचारलं तर ठरलेलं उत्तर आलं, "मला काही नको." म्हणून तिनं त्यांच्या जागी नुसता रिकामा कंस ठेवला. रिकामं म्हणजे गीझर बंद, इतका साधा तिचा हिशेब. सासूबाईंनी मात्र आधीच बजावलं होतं, "एकदा जरी घोळ झाला तर प्लंबरला बोलवून हे लचांड काढून टाकीन."

आता त्या ओल्या केसांनी प्लंबरलाच फोन लावत होत्या. नवरा कुरकुरत बाहेर आला, "आज कोमट का?" आणि सुनेच्या डोक्याला साबण लागल्यावर गीझरनं सरळ संप पुकारला.

डोक्याला टॉवेल गुंडाळून ती लॅपटॉपसमोर बसली. चूक सापडली. ज्या फुकटच्या भाषेत तिनं हा प्रोग्रॅम लिहिला होता, ती रिकाम्या कंसाची जागा धरूनच ठेवत नव्हती. प्रयोगशाळेतली विकतची भाषा हिची थोरली बहीण. सुनेनं तिथल्या मैत्रिणीला फोन करून तेच करून बघायला लावलं. ती भाषाही तशीच वागली. बहिणींचं इतकं पटतं हे एरवी कौतुकाचं असतं.

"म्हणजे झालं काय?" सासूबाईंनी विचारलं.

"आई, बाबा काही नको म्हणाले, तर यानं त्यांची जागाच काढून टाकली. मग सगळे आकडे एकेक घर पुढे सरकले. तुमचं पाणी बाबांना मिळालं आणि मला काही उरलंच नाही. आता तिथे 'आकडा नाही' अशी खूण ठेवते, म्हणजे जागा राहील."

"मेल्यानं त्यांचा शब्द खरा धरला," सासूबाई म्हणाल्या. मग जरा हळू, "मी तरी इतकी वर्षं काय वेगळं केलं?"

बाबांनी सकाळपासून तक्रार केली नव्हती, हे तेव्हा कुठे सगळ्यांच्या लक्षात आलं. तेवढ्यात बेल वाजली. बाबांनीच दार उघडलं आणि ते दारातच उभे राहिले. चेहरा लालबुंद, तुकतुकीत.

"काय काढायचंय?" प्लंबरनं विचारलं.

"काही नाही. ते मला हवंय."

हा शब्द त्यांच्या तोंडून घरात कुणी ऐकला नव्हता.

"गरम पाणी आवडतं, तर बोलला का नाहीत कधी?" सासूबाईंनी विचारलं.

"टाकी लहान. तुला कमी पडलं असतं."

सासूबाई प्लंबरकडे वळून म्हणाल्या, "आलाच आहात तर मोठी टाकी कुठे बसेल ते बघा." आणि सुनेला म्हणाल्या, "तिथे खूणबिण काही नको. माझाच आकडा लिही."