योनाकाकांची पारख

आमच्या चर्चमध्ये प्रार्थना संपली की सगळे 'आमेन' म्हणत. योनाकाका मात्र प्रार्थना आता संपायला हवी असं त्यांना वाटलं की म्हणत. पाळकसाहेब देशाच्या पुढाऱ्यांपासून सुरुवात करून पीकपाण्यावर, तिथून आजाऱ्यांवर आणि आजाऱ्यांवरून प्रवासात असलेल्यांवर आले, की दुसऱ्या बाकावरून खणखणीत आवाज येई, "आमेन!" सवयीनं निम्मे लोक त्यांच्यामागून आमेन म्हणून डोळे उघडत. मग प्रवासातल्यांना तसंच वाटेत सोडून पाळकसाहेबांना खाली बसावं लागे.

"देवाला म्हाईत हाय की समदं," काका नंतर म्हणत. "त्येला किती येळा सांगायचं? तिकडं घरात रस्सा आटतोय."

काका मिशनच्या बंगल्यावर स्वयंपाकी होते. साहेब लोक मायदेशी गेले, बंगल्याला कुलूप लागलं आणि काका चर्चमागच्या खोलीत राहायला आले. लग्न केलेलं नव्हतं. रविवारी कडक इस्त्रीचा पांढरा कोट घालून ते सगळ्यांआधी येत, आणि उपासना सुटली की फाटकात उभे राहून प्रत्येकाला त्याचा दोष सांगत, मगच बाहेर सोडत.

"काय गं सुशीला, गाताना समद्यांच्या फुडं का पळतीस? बस चुकतीया व्हय?"

"मास्तर, झोपा. पर घोरू नगा."

पाळकसाहेबांनाही सुटका नसे. "आज झ्याक बोलला. जरा आदी थांबला आसता तर आनि झ्याक झालं आसतं."

खजिनदार दाविदरावांशी त्यांचं जुनं युद्ध होतं, एका खिडकीवरून. काकांना उकडे आणि दाविदरावांना वारा बाधे. पहिल्या गीताला काका उठून खिडकी उघडत, दुसऱ्या गीताला दाविदराव उठून ती लावत. नव्या माणसाला तो उपासनेचाच एक विधी वाटे.

दाविदरावांचं नाव निघालंच आहे, तर माझं त्यांच्याशी काय झालं तेही सांगतो. त्याशिवाय काका कळायचे नाहीत.

माझं लक्ष्मीपुरीत भांड्यांचं दुकान आहे. बापजाद्यांनी ठेवलेलं नव्हे. डोक्यावर पाटी घेऊन पार गडमुडशिंगीपर्यंत दारोदार फिरलो, तेव्हा ते उभं राहिलं. आता आमच्या मंडळीची, म्हणजे चर्चच्या सगळ्या माणसांची मिळून, मोठ्या स्वयंपाकाची स्वतःची भांडी आहेत. लग्न असो की मयत, ज्याच्या घरी कार्य त्याच्या दारात हातगाडीवरून ही भांडी जातात आणि भांड्यांमागून माणसं जातात, कांदे चिरायला आणि चुलीपुढं बसायला. आमच्यात कुणी आचारी बोलावत नाही. मला या गोष्टीचा भारी अभिमान होता, आजही आहे.

जुनी पातेली झिजून गळायला लागली तेव्हा पंचांनी नवी घ्यायचं ठरवलं. मी खरेदीच्या भावात द्यायला तयार होतो. दाविदराव मला न सांगता सांगलीला गेले आणि जर्मनची पातेली घेऊन आले. ॲल्युमिनियम, तेही इतकं पातळ की टिचकी मारली तर पत्र्याच्या डब्यासारखं वाजावं.

मी भर उपासनेत उभा राहून जाब विचारला.

दाविदराव म्हणाले, "घरच्या माणसाशी घासाघीस कशी करायची, आनंदराव? संकोच वाटला."

संकोच! लक्ष्मीपुरीत माझ्याशी घासाघीस करायला लोक घरून जेवून येतात आणि खजिनदाराला माझ्याशी बोलायला संकोच वाटतो! "मग मी घरचा नाही असं समजा," असं म्हणून मी छत्री उचलली आणि बाहेर पडलो. त्यात माझं काही चुकलं असं मला अजूनही वाटत नाही.

दुसरी मंडळी शोधायचं मी ठरवलं. माल पारखणं हा तर माझा धंदाच. पुढच्या रविवारी लॅम्ब्रेटा स्कूटरला किक मारणार, तोच मागच्या सीटवर वजन पडलं. वळून बघतो तर पांढरा कोट!

"तुम्ही कुठं निघालात?"

"तुज्यासंगं. दुकान बदलाय निगालास न्हवं? एकटा गेलास तर फसशील."

"तुमचं खिडकीवरून पटत नाही त्यांच्याशी. खरं तर तुम्हीच दुसरीकडं जायला हवं होतं."

"म्हनूनच आलोय की. मार किक."

पहिल्या ठिकाणी खाली गालिचा होता, गाणं सुरात होतं आणि उपदेश घड्याळ लावून संपला. मला ठिकाण पसंत पडलं. काकांनी शेजारच्या गृहस्थांना विचारलं, "पावणं, तुमच्यात भांडान कुनाकुनाचं हाय?"

गृहस्थ दचकले. "छे, छे! आमच्यात भांडणं नाहीत."

"चल आनंदा," काका उठलेच. "हितं कोन कुनाला वळखत न्हाय."

दुसरी मंडळी एका घरात भरे. तिथं सगळे रडत. काकाही मनसोक्त रडले, म्हणून मला वाटलं की इथं जमणार. शेवटी तिथले पुढारी म्हणाले, "आम्ही फक्त शुद्ध माणसांचीच मंडळी उभी करतोय."

काकांनी डोळे पुसले. "मग आमाला कसं घेताय?"

"तुम्हीही शुद्ध व्हाल, काका."

"आनि न्हाय झालो तर?"

पुढारी नुसते हसले. काका वहाणा शोधायला लागले.

असे आम्ही रविवारमागून रविवार हिंडलो. एकदा तर एसटीनं गडहिंग्लजला गेलो. तिथं दोन म्हाताऱ्यांची घंटा कुणी वाजवायची यावरून दारातच जुंपलेली. त्यांतला एक तणतणत आत गेला आणि दुसऱ्यासाठी बाकावर जागा धरून बसला. काका एकदम खूश.

"ही बग मंडळी! मजबूत माल हाय!" परतताना मात्र खिडकीबाहेर उसाकडं बघत म्हणाले, "आपली भांडनं टाकून दुसऱ्यांची बगाय यवड्या लांब यायचं व्हय रं?"



दरम्यान माझ्या सुनीताचं लग्न आजऱ्याच्या मुलाशी ठरलं. आमच्यात लग्नाआधी तीन रविवार चर्चमध्ये सूचना वाचावी लागते. थोड्याच आठवड्यांनी लेंतचे, म्हणजे उपवासाचे दिवस सुरू होणार होते आणि त्यात लग्नं होत नाहीत. मी म्हटलं, दुसऱ्या चर्चमध्ये करू, आचारी लावू, हॉल घेऊ. सुनीता म्हणाली, "माझा बाप्तिस्मा झाला तिथंच माझं लग्न होईल. नाहीतर मी थांबते." मुलगी माझीच. भाव एकदा सांगितला की खाली येत नाही. मीही आलो नाही. एकेक रविवार जात राहिला.

पहिली सूचना वाचली तर लेंतआधी तिन्ही बसतील असा शेवटचा रविवार आला आणि नेमके त्या दिवशी काका आले नाहीत. मी स्कूटरपाशी ताटकळलो, वैतागलो आणि तणतणतच त्यांच्या खोलीवर गेलो.

काका तापानं फणफणले होते. पलीकडं चर्चमध्ये उपदेश चालू होता आणि इथं खजिनदारसाहेब मांडी घालून काकांना चमच्यानं पेज भरवत होते.

"मीठ न्हाय ह्यात," काका कण्हले.

"आहे."

"न्हाय. मंडळीचा पैसा काडावा तसं घातलंयस."

दाविदरावांनी माझ्याकडं पाहिलं, वाटी खाली ठेवली आणि पाणी आणायला नळावर गेले. मी पलंगाच्या कडेला बसलो.

"काका, तब्येत अशी, आणि दर रविवारी माझ्यामागं कशाला फिरलात?"



"माजा धाकला भाव हुता, शिमोन. आसाच तरातरा उठून गेलता. बाकड्यावरनं कायतरी झालतं. समदी म्हनली, जाऊ द्या, यील. म्याबी म्हनलो, मी थोरला, मी का जाऊ?" काकांनी पांघरूण वर ओढलं. "न्हाय आला. मिरजंला हाय म्हनत्यात, कुनी म्हनत्यात म्हमईला. त्येच्या मागनं कुनी गेलंच न्हाय बग, आनंदा. तू निगालास, तवा म्हनलं, माजं पाय आजून चालत्यात की."

दाविदराव तांब्या घेऊन दारात उभे होते. त्यांनी ऐकलं असावं. घसा खाकरून ते म्हणाले, "आनंदराव, उपदेश अजून संपलेला नाही. सूचना त्याच्यानंतर वाचतात. सुनीताची पहिली आज वाचली तर लेंतआधी लग्न बसतं."

मी म्हटलं, "वाचा. पण पातेली पातळ आहेत."

"आहेत," दाविदराव म्हणाले.

एवढं ऐकल्यावर माझ्याच्यानं बसवेना. आम्ही दोघं एकदमच दाराकडं निघालो.

"एकदम दोगं कशापायी?" मागून बारीक आवाज आला. एवढ्या बारीक आवाजात काका बोललेले मी कधी ऐकले नव्हते. "एक जन बसा की."

दाविदराव धोतर सावरत पळाले. त्या वयात, भर उन्हात, माझ्या मुलीसाठी. मी पुन्हा पलंगावर बसलो आणि वाटी हातात घेतली. काकांनी दोन चमचे पेज खाल्ली, मिठाबद्दल अवाक्षर काढलं नाही. थोड्या वेळानं भिंतीपलीकडून सुनीताचं नाव ऐकू आलं. त्याला लागून माझं, पूर्ण, वडिलांच्या नावासकट.

"काका, वाचलं," मी म्हटलं.

त्यांना झोप लागली होती. माझ्या सदऱ्याचं टोक तेवढं त्यांच्या मुठीत होतं.