ऊस, अळकुडी आणि परक्याची वरात

ऊस उभा बांधायचा की आडवा, एवढाच प्रश्न होता. मी म्हटलं, उभा. माझ्या आयुष्यातले सगळे घोटाळे असेच एका शब्दाच्या उत्तरातून निघालेले आहेत.

घितास म्हणजे येशूच्या बाप्तिस्म्याचा सण. आम्हा इजिप्तच्या ख्रिस्ती लोकांत त्या दिवशी होणाऱ्या जावयाने सासुरवाडीला ऊस, संत्री आणि अळकुडीची हिरवी, पातळ भाजी न्यायची असते. साखरपुड्यानंतरचा हा माझा दुसरा सण. पहिल्या सणाला, म्हणजे नाताळात, मी आईने केलेली बिस्किटं सायकलवरून नेली होती. डबा उघडला तर आत पीठ. (चवदार होतं, पण पीठच.) माझे होणारे सासरे, अंकल फायेझ, यांचं गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान आहे. डब्यात डोकावून ते म्हणाले, "इंजिनिअरसाहेब, आधी गाडी घ्या. मग लग्नाची तारीख घेऊ."

मी इंजिनिअर आहे, पण पगार सायकलीचा आहे. शिवाय तत्त्वाचा प्रश्न! आलेक्झांड्रिया हे माणसांचं शहर आहे, पत्र्याच्या डब्यांचं नाही, हे मी आमच्या सायकल क्लबच्या प्रत्येक सभेत ठणकावून सांगतो. (तेवढ्यात बाकीचे चहा पिऊन येतात.) म्हणून मी अंकलशी पैज लावली. घितासची भेट सायकलवरून, थेंबही न सांडता आणली, तर ईस्टर झाल्याबरोबर लग्न आणि गाडीचं नाव काढायचं नाही. सांडली, तर आधी गाडी.

"म्हणजे लग्न म्हातारपणी," माझी होणारी बायको इरिनी फोनवर म्हणाली. "किरो, पातेलं नीट बांध. माझा संसार त्या झाकणाखाली आहे."

क्लबची हिवाळी फेरी मी मुद्दाम त्याच संध्याकाळी ठेवली. रामल स्थानकापासून समुद्राच्या कडेने क्लिओपात्रा वस्तीपर्यंत, थेट इरिनीच्या गल्लीत. प्रत्येक सायकलवर दोन ऊस उभे, शेंडे वर एकत्र बांधलेले, आणि त्या कमानीत संत्र्याचा कंदील. संत्र्याचा गर काढायचा आणि आत मेणबत्ती लावायची. माझ्या कॅरिअरवर भाजीचं पातेलं. झाकण कणकेने लिंपलेलं आणि चहूबाजूंनी जुन्या ट्यूबने आवळलेलं.

माझा मित्र हाझिम हे सगळं कमरेवर हात ठेवून पाहत होता. "आपण फेरीला निघालोय की बोहल्यावर?"

"सण आहे, हाझिम!"

"सण तुझा. मी मुसलमान माणूस, माझ्या डोक्यावर ऊस कशाला?" असं म्हणत त्याने स्वतःच्या कमानीत एक कंदील जास्तीचा लावला.

निघालो. समुद्रावरून बोचरं वारं येत होतं. (घितासचं वादळ दर वर्षी याच सुमाराला येतं. आमच्याकडे हिवाळी वादळांना नावं असतात, आणि ती ट्रामपेक्षा वेळेवर येतात.) कंदील विझायचे, आम्ही थांबून पुन्हा लावायचो, फुटपाथवरचे लोक टाळ्या वाजवायचे. दोघांनी उसाचा भावही विचारला. आणि मग मागून हॉर्न सुरू झाले. पीप, पीप, पी-पी-पीप!

मला मान वळवता येत नव्हती. मागे पातेलं, वर ऊस. पण कान शाबूत होते.

"हाझिम, गाड्या आपल्याला ओलांडून जात नाहीयेत! आपल्या मागून सावकाश येतायत! अरे, शहर बदलतंय!"

"किरो, हे लग्नाचे हॉर्न आहेत."

"सणाचा दिवस आहे. लोक आनंदाचेच हॉर्न वाजवणार."

"आणि तो डिकीत बसलेला माणूस आपलं शूटिंग करतोय, तो?"

शेजारून एक गाडी चालली होती. तिच्या उघड्या डिकीत पाय सोडून बसलेला माणूस खरंच माझ्यावर कॅमेरा रोखून होता. बातम्यांवाला असणार! मी पाठ ताठ केली आणि पेडल मारता मारता भाषण सुरू केलं. "हे शहर माणसांचं आहे..."

"बोलू नको, नुसता हस!" कॅमेरावाला ओरडला.

मी हसलो. क्लिओपात्रा आल्यावर उजवीकडे हात दाखवला. हाझिम म्हणतो, त्या क्षणी मागच्या सगळ्या गाड्यांचे उजवे दिवे लुकलुकायला लागले. मी डोळे पुसत गल्लीत शिरलो. (वाऱ्यामुळे. असं तेव्हा मी सांगितलं.)

इरिनीची गल्ली पुढे बंद आहे. आम्ही आत, आमच्यामागे गाड्या, त्यांच्यामागे आणखी गाड्या. सज्ज्यासज्ज्यांतून बायका हात हलवायला लागल्या. अंकल फायेझ तिसऱ्या मजल्यावरून वाकून बघत होते आणि त्यांचा चेहरा असा उजळला होता, जसा दुकानात नवा माल आल्यावर उजळतो.

"किरो! अरे पोरा! एवढ्या गाड्या! माझ्यासाठी?" पायजम्यावर सणाचा कोट चढवून ते धावत खाली आले आणि त्यांनी मला मिठी मारली. इरिनीही आली.

तेवढ्यात फुलांनी मढवलेल्या गाडीचं दार उघडलं आणि पांढऱ्याशुभ्र पोशाखातली एक नवरी खाली उतरली.

वरून सासूबाईंचा आवाज आला, "अरे देवा, हा दुसरी घेऊनच आला!"

"किरो," इरिनी शांतपणे म्हणाली. (तिच्या शांतपणाला मी वादळापेक्षा जास्त घाबरतो.) "ही कोण?"

"मला नाही माहीत गं!"

"ओळख ना पाळख, आणि नवरीचा पोशाख घालून तुझ्या मागे मागे?"

"ताई," नवरी रडवेली होऊन तिलाच म्हणाली, "हॉल कुठाय?"

मग दुसऱ्या दाराने नवरदेव उतरला आणि अख्ख्या गल्लीने श्वास सोडला. त्यांचा ड्रायव्हर माझ्यावर खेकसला. "मला वाटलं, नवरीच्या मामाने तुम्हाला वरातीपुढे पाठवलंय! कमानी, दिवे, ऊस! अहो, एवढं नटून कोण नुसतं फिरायला निघतं?"

हॉल समुद्राकाठी, मागेच राहिला होता. तिथे काझी ताटकळत होते. गाड्या मागे घ्याव्यात, तर गल्लीच्या तोंडाशी अजून नव्या येतच होत्या, पी-पी-पीप करत.

"काझीसाहेबांना अजून एका लग्नाला जायचंय," नवरदेव कपाळ धरून म्हणाला. "आता गाडी उडणार आहे का?"

"गाडी नाही उडत," मी म्हटलं. अशा वाक्याची मी कॉलेजपासून वाट पाहत होतो. "सायकल निघते!"

मी ट्यूब सोडल्या, पातेलं अंकलच्या हातात दिलं. त्यांनी कणीक फोडून झाकण उघडलं, पातेल्याच्या कडा बोटाने तपासल्या. थेंबही सांडला नव्हता.

"ईस्टरनंतर?" मी विचारलं.

"ईस्टरनंतर," अंकल म्हणाले. इरिनीने सगळ्यांसमोर माझ्या गालाची पापी घेतली आणि नवरीला स्वतःच्या हाताने माझ्या कॅरिअरवर बसवलं. नवरदेव हाझिमच्या मागे. गाड्यांच्या मधल्या फटींतून, उसाच्या कमानींखालून, आम्ही त्या दोघांना हॉलवर पोचवलं. वादळाचे थेंब सुरू झाले होते आणि नवरी मागे बसून खदाखदा हसत होती. एवढ्या आनंदात मी कधीच सायकल चालवली नव्हती.

परत आलो, तर अडकलेलं निम्मं वऱ्हाड इरिनीच्या जिन्यात बसून अळकुडी ओरपत होतं. अंकल मधोमध उभे राहून वाढत होते.

"जावईबापू, तुमची सायकल मी मानली," ते डोळ्यांत पाणी आणून म्हणाले. "लग्नाला सायकलवरच या."

मी जिंकलो होतो! मी इरिनीकडे पाहिलं. ती जमिनीकडे पाहायला लागली.

"फक्त," अंकल पैज आणखी वाढवून म्हणाले, "मागे गाड्या आजच्याइतक्याच हव्यात. सगळ्या गल्लीने पाहिल्यात. आता एक जरी कमी झाली, तर मी तोंड कुठे दाखवू?"

ईस्टर जवळ आलाय. वाचकहो, तुमच्याकडे गाडी आहे का? कुठलीही चालेल. फक्त हॉर्न खणखणीत हवा.