साहेब वेळेआधी आले

माणूस जन्माला येतो तेव्हा त्याला मत नसते आणि मेल्यावर ते उरत नाही. घरच्यांची मात्र उरतात. एवढे एक सत्य ज्याला उमगले, त्याला राजकारणात दुसरे काही शिकावे लागत नाही. आमच्या आमदारसाहेबांना ते पहिल्याच निवडणुकीआधी उमगले. तेव्हापासून ते सलग चार वेळा निवडून आले आहेत आणि मतदारसंघातले एकही मयत त्यांनी चुकवलेले नाही.

विरोधक विचारतात, साहेबांनी काम काय केले? हा प्रश्न निव्वळ अज्ञानातून येतो. सभागृहात साहेब प्रत्येक शोकप्रस्तावावर बोलले आहेत. (अन्य विषयांवर त्यांनी अभ्यासपूर्ण मौन पाळले.) त्यांच्या गाडीत इस्त्रीचे चार पांढरे सदरे आणि पटकन काढता येतील अशा चपला कायम असतात. खांदा ते नेहमी पुढून आणि डावीकडून देतात, कारण फोटोग्राफरला ती बाजू सोयीची पडते. गावातल्या एका जाणकाराने केलेल्या पाहणीनुसार, साहेब मयतात काय बोलले हे शंभरातल्या ब्याण्णव घरांना तोंडपाठ आहे. माणूस कशाने गेला, हे मात्र सत्तावीसच घरांना सांगता आले.

आता विकासकामांचे. गावाला सरकारी दवाखाना आहे. इमारत आहे, पाटी आहे, डॉक्टरची खुर्ची आहे आणि ती झिजू नये म्हणून तिच्यावर खोळ आहे. डॉक्टरचे पद तेवढे रिक्त आहे. ते भरण्याबाबत पाठपुरावा सुरू असल्याचे साहेब प्रत्येक मयतात आवर्जून सांगतात. रुग्णवाहिकेचा प्रस्ताव विचाराधीन आहे. मात्र लोकांची निकड ओळखून त्यांनी आपल्या निधीतून गावाला एक शववाहिका दिली. तिच्या दोन्ही अंगांना साहेबांचा हसरा फोटो आहे. (गंभीर चेहऱ्याचा उपलब्ध नव्हता.)

आमच्या गल्लीत एक शिंपी राहायचा. एका दुपारी मशीनवर बसल्या बसल्या त्याच्या छातीत कळ आली. आम्ही त्याला दवाखान्यात नेले. शिपायाने खोळ दाखवली. आम्ही त्याला परत आणले. शिपाई मोठा कर्तव्यदक्ष. शिंप्याचा उतरलेला चेहरा बघून त्याने लगोलग साहेबांच्या सहायकाला फोन केला.

इकडे गल्लीतल्या निवृत्त नर्सबाई धावत आल्या. आडवे केले की त्याचा श्वास कोंडत होता, म्हणून त्यांनी त्याला घरातल्या एकुलत्या एक खुर्चीत टेकून बसवले, जिभेखाली गोळी ठेवली आणि म्हणाल्या, "असाच बसू दे. शहरात लवकर पोचला तर वाचेल. कुणीतरी गाडी बघा."

गाडी बघायला मी बाहेर पडलो, तर दारात दोन उभ्या. पुढे साहेबांची, मागे शववाहिका.

साहेब हात जोडून, मान खाली घालून आत आले. मान वर केली, तर समोर शिंपी त्यांच्याकडे बघत होता. चार निवडणुकांत असा प्रसंग आला नव्हता. साहेब क्षणभर गोंधळले. पण गल्ली त्यांच्याहून जास्त ओशाळली. एवढा मोठा माणूस हातातली कामे टाकून आला आणि आमच्याकडे काहीच तयारी नाही! बरे, त्यांना उभे तरी किती वेळ ठेवायचे? आम्ही चौघांनी शिंप्याला अलगद उचलून सतरंजीवर निजवले आणि खुर्ची पुसून साहेबांना दिली. नर्सबाई ओरडत होत्या, पण बाईंना रीतभात नाही हे गल्लीला आधीपासून ठाऊक होते.

शिंप्याची बायको, म्हणजे आमची वहिनी, पुढे आली. "साहेब, तुमची गाडी द्या. यांना शहरात नेते."

"गाडी तुमचीच आहे, ताई," साहेब म्हणाले. "पण पुढे अजून एक मयत आहे. इथलं उरकलं की लगेच निघायचंय."

"मग ती मागची द्या."

मागच्या गाडीचा ड्रायव्हर दारातूनच म्हणाला, "जिवंत माणूस चालत नाही हो हिच्यात. मृत्यूचा दाखला लागतो."

"तो कोण देतं?"

"डॉक्टर."

वहिनी पुन्हा साहेबांकडे वळली. "तुम्ही एक शब्द टाकलात तर नेईल की तो!"

साहेबांनी पुन्हा हात जोडले. "ताई, कायदा करणाऱ्यानंच नियम मोडला, तर लोकांनी बघायचं कुणाकडे?"

वाक्य इतके चांगले होते की सहायकाने ते टिपून घेतले. शिंपी पहिल्यापासून समजूतदार. त्याने कोणाला खोळंबून ठेवले नाही. साहेबांचा चहा संपेपर्यंत सगळे आटोपले होते. दाखल्याची अडचण साहेबांनी आपल्या अधिकारात जागच्या जागी दूर केली. मग खांदा दिला, पुढून आणि डावीकडून. शहरात जाऊ न शकलेली गाडी स्मशानात मात्र अगदी वेळेवर पोचली.

वहिनी रडली नाही. सगळ्यांदेखत म्हणाली, "खुर्चीत बसू दिलं असतंत तर जगले असते ते." दुःखात माणूस वाटेल ते बोलतो, म्हणून गल्लीने तिकडे काणाडोळा केला. मला मात्र तिचा रागच आला. साहेब ऐकत होते हो!

पुढच्या निवडणुकीला नर्सबाई उभ्या राहिल्या. जाहीरनामा एका ओळीचा: डॉक्टर आणीन. बाई चांगली आहे, असे सगळेच म्हणाले. पण शिंप्याच्या मयताला तरी आली होती का? (आल्या नव्हत्या. पलीकडच्या गल्लीतल्या एका तापाने फणफणलेल्या बाळासाठी गाडी शोधत होत्या.) बाईंची अनामत जप्त झाली. आमच्या केंद्रावर त्यांना दोन मते पडली. एक त्यांचे स्वतःचे. दुसरे कोणाचे ते गल्ली जाणून आहे. वहिनी आता नवऱ्याचे मशीन चालवते, पण तिच्याकडे कोणी कपडे टाकत नाही. जिला उपकाराची जाण नाही, तिच्याकडून सदरा कसा शिवून घ्यायचा?

वाचकहो, तुम्ही शिकलेली माणसे. आमच्या गल्लीचे तुम्हाला हसू आले असेल, आणि ते योग्यच आहे. फक्त एकदा आठवून पाहा. साहेब तुमच्याही घरी आले होते, आणि तुम्हीही घाईघाईने खुर्ची पुसून पुढे केली होती. तिच्यावरून आधी उठवले कोणाला होते?