लाल म्हणजे कुठला?

आमच्या देवपुरात शेजारच्या आबांसमोर ‘लाल’ म्हणायची सोय नाही. एका रंगाऱ्याने ‘फाटकाला लाल मारू का?’ असं विचारलं, तर आबांनी त्याला डब्यासकट हाकलून दिलं. फाटक अजून गंजकंच आहे.

मला या माणसाचा राग येतो, हे आधीच सांगतो. आबा चित्रकलेचे निवृत्त मास्तर. पोस्टमन असो की भाजीवाला, धडा एकच. “अजिंठ्याच्या चिताऱ्याकडे ‘लाल’ नव्हता. गेरू होता, तो डोंगरातून खणावा लागे. कापडाला मंजिष्ठ, ती मुळी उकळावी लागे. देवाला हिंगूळ. काळा म्हणजे दिव्याची काजळी. रंग हाताला लागायचा, नाकाला कळायचा. तुम्ही नुसते डबे उघडणारे.”

त्यांच्या बायकोची, अक्कांची, नजर दोन वर्षांपूर्वी गेली. तेव्हापासून आबा जास्तच तिरसट झाले. बिचाऱ्या अक्का हे कसं सोसतात, असं आम्ही गल्लीत बोलायचो.

माझ्या मुलीच्या लग्नात अक्कांना येता आलं नाही, म्हणून मी मानाची साडी घेऊन त्यांच्याकडे गेलो. आबा दारातच आडवे.

“रंग कुठला?”

“लाल.”

“परत न्या.”

माझं डोकंच फिरलं. “आबा, तुमचा गेरू अन् हिंगूळ पुरे झाला. लाल तो लाल. काय बिघडतं?”

“काय बिघडतं?” आबांचा आवाज फाटला. “‘लाल’मध्ये तिला काय दिसणार?”



“येऊ द्या त्यासले,” आतून अक्का अहिराणीत म्हणाल्या. त्यांनी साडी मांडीवर घेतली, काठावरून बोटं फिरवली. “कोन्ता रंग शे?”

आबा शेजारी बसले. पदर खिडकीपाशी धरून बराच वेळ बघत राहिले. अक्कांचं माहेर यावलचं, केळीच्या बागेतलं.

“तुना माहेरना केळफूलना शे,” ते म्हणाले. “वरलं पान सोलं का मझार निंघस, तो.” म्हणजे सोललेल्या केळफुलाच्या आतला.

“हां,” अक्का म्हणाल्या. “आते दखाई ऱ्हायना.” आता त्यांना तो दिसत होता.

मला माझीच लाज वाटली. इतकी वर्षं शेजारी राहून मी या माणसाला नुसता विक्षिप्त ठरवत आलो होतो.

“आनि नवरीना शालू?” अक्कांनी मला विचारलं.

मी ‘ला’पर्यंत आलो आणि थांबलो. आबा माझ्याकडे रोखून पाहत होते.

“मिरचीचा,” मी म्हणालो.

“वाळलेल्या?” आबा खेकसले.

“नाही. ओल्या. दोंडाईच्याला पहिल्या दिवशी वाळायला पसरतात, तेव्हाच्या.”

आबांनी अक्कांकडे पाहिलं. अक्कांनी मान हलवली, आणि आबांनी मला बसायला खुर्ची दिली.