बंद दारांचे बाबलकाका

बाबलकाकांच्या मते जगात दोनच प्रकारची माणसं असतात: दार उघडं ठेवणारी आणि आजारी.

काळाचौकीच्या आमच्या चाळीत दिवसा दार बंद दिसलं की आत ताप, भांडण किंवा मयत असणार, हे ठरलेलं. काका आमचे शेजारी. काकी गेल्यापासून एकटेच. रोज सकाळी सगळ्या मजल्यांवर फिरून बंद दारं ठोठावायची, हे काम त्यांना कुणी दिलेलं नाही आणि कुणी काढूनही घेऊ शकत नाही.

चाळीमागे आमच्यासाठी टॉवर उभा राहिला. सगळ्यांनी चाव्या घेतल्या, काकांनी घेतल्या नाहीत. मी चळवळीतली, भारावले. बिल्डरपुढे न वाकलेला एकमेव माणूस! मी त्यांच्यावर पत्रकच काढलं. काकांनी ते वाचलं, "बरां लिवलंस गो," म्हणाले आणि त्यावर शेंगा सोलल्या.

यंदा आईबाबांनी श्रीलंकेची सहल काढली आणि काकांनाही ओढून नेलं. समुद्रकाठच्या जुन्या घराची डागडुजी करून केलेलं गेस्टहाऊस होतं. चुन्याच्या भिंती, कौलं, एका लांब पडवीवर ओळीनं खोल्या. काका खूश झाले.

"ही चाळच की. संडास तेवढा आत."

दुसऱ्या सकाळी आपलं दार सताड उघडून ते गंजीफ्रॉकवर उंबऱ्यात बसले. मालकीणबाईंना वाटलं, कुलूप बिघडलं. त्यांनी सुतार पाठवला. काकांनी त्याला शेजारी बसवून चहा पाजला. मग फेरी सुरू. दार ठोठावायचं आणि विचारायचं, "ओके? फीवर?" एक जर्मन जोडपं आधी घाबरलं, मग रोज काकांना पपई देऊ लागलं. टोकाच्या खोलीतला म्हातारा गोरा मात्र आतूनच खेकसायचा. काका समाधानानं परतायचे. "आवाज खणखणीत आहे. आज बरं आहे त्याचं."

शेवटी मी त्यांना समजावलं की इथे कुणी आजारी नाही, माणसांना एकांत हवा असतो, म्हणून दारं लावतात.

काकांनी जर्मनांनी दिलेली पपई कापायला घेतली.

"मग आतला माणूस गेला तर कळतं कसं?"

त्यांनी बिया खरवडून काढल्या.

"टॉवरात सगळे दारं लावून बसणार. मी बाविसाव्या मजल्यावर. माझं दार कोण ठोठावणार गो?"

चावी न घेण्यामागे बिल्डर नव्हताच.

मी म्हटलं, "आम्ही नवव्यावर आहोत. मी येईन रोज सकाळी."

"तुझ्या सभा असतात."

"त्याआधी येईन."

काकांनी विचार केला. पपईची फोड माझ्या हातात ठेवली.

"आठच्या आत ये," ते म्हणाले. "उशीर झाला तर मलाच खाली यावं लागेल, तू बरी आहेस ना बघायला."