निळ्या स्टुलाच्या मॅडम

आमच्या मॅडम काखेत स्टूल घेऊन फिरतात. प्लास्टिकचं, निळं, लहान मुलाला बसवावं तेवढं बुटकं. दवाखान्यात खुर्च्या नाहीत असं नाही, पण मॅडमचा नियम आहे : "पेशंटपेक्षा उंच बसायचं नाही. उंचावरून विचारलं की माणूस खोटं बोलतो."

या नियमाची आकुर्डीच्या एका अण्णांनी पार गंमत केली. अण्णा कंपनीतून रिटायर झालेले फिटर. मॅडम स्टुलावर बसल्या तसे ते सलाइनची नळी सांभाळत कॉटवरून उतरले आणि फरशीवर बसले. "तुम्ही डॉक्टर. तुम्ही खाली आणि मी वर, बरं दिसत नाही." मग मॅडमही फरशीवर. मग अण्णा भिंतीला टेकून आणखी खाली घसरले. शेवटी दोघं जवळजवळ आडवे, मधे रिकामं स्टूल, आणि मी ओला पोछा घेऊन उभी. पुसू कुठं?

मी या कॅन्सरच्या वॉर्डात साफसफाई करते. शाळा चौथीपर्यंत, माहेर मावळात, राहायला दिघीत. चार माणसांत माझ्या तोंडून शब्द फुटत नाही. पण मॅडमबद्दल लिहायला घेतलं की हात थांबत नाही.

विशाखा मॅडम मनाच्या डॉक्टर. आधी हिंजवडीच्या कंपनीत चांगली नोकरी होती, ती सोडून इथं आल्या. कॅन्सर झालेल्या माणसाच्या मनाला आधार कसा द्यायचा, यावर त्यांचं संशोधन चालतं. सुरुवातीला बायका त्यांना बघून तोंड फिरवायच्या. मावळातल्या बबाक्का तर सरळ म्हणाल्या, "माझा रोग छातीत हाय, डोस्क्यात न्हाई."

मॅडमनी टाळी वाजवली. "थांबा, थांबा! हे सोनं आहे!"

कुणी काहीही बोललं की हेच. लगेच वही उघडायची. वही नसली तर तळहातावर लिहायचं. एकदा हातावरचं पुसलं जाऊ नये म्हणून त्यांनी डावा हात वर धरून एका हातानंच डबा उघडला आणि खाल्ला. वरण कुठं कुठं सांडलं ते मला विचारा.

त्यांच्या फॉर्मवर पहिलाच प्रश्न होता : गेल्या आठवड्यात किती ताण होता? शून्य ते दहा आकडा सांगा.

बबाक्का पटकन म्हणाल्या, "धा! सुई लावली की लई तान."

"ताण आला की काय करता?"

"पानी पिते. दुसरं काय करनार?"

"सोनं आहे! आणि जवळ कुणी असलं की कमी होतो?"

"व्हय. तांब्या भरून दिला तर."

आमच्या मावळात तहानेला तान म्हणतात. आणि केमोनं तोंडाला कोरड पडते. मॅडम मनाचं विचारत होत्या, आक्का घशाचं सांगत होत्या. मला वाटलं, मॅडम एवढ्या शिकलेल्या, त्यांना कळलंच असेल. मी पदरात हसले आणि पुढची फरशी पुसायला घेतली.

मग महिनेच्या महिने तसेच फॉर्म भरले गेले. मोठ्या डॉक्टरांपुढे रिपोर्ट वाचायचा दिवस जवळ आला. वॉर्डात मॅडमना बसायला दिलेली खोली राहणार की तिथं औषधांचं कपाट लागणार, ते त्यावर ठरणार होतं. आठवडाभर आधी त्यांनी त्या खोलीत मला समोर बसवून सराव केला. वाचता वाचता मोठ्यांदा म्हणाल्या, "गावाकडच्या स्त्रिया पाणी पिऊन ताणावर मात करतात!"

आता गप्प बसले असते तर सगळ्यांपुढे मॅडमचं हसं झालं असतं. माझे कान तापले. पण बोलले.

"मॅडम, ताण न्हाई. तान. तहान."

मॅडमनी फॉर्मचा गठ्ठा पुढं ओढला आणि एकेक पान उलटलं. मला वाटलं, गेली माझी नोकरी.

"सगळ्यांनाच?"

"मावळातल्या सगळ्यांना."

आणि मॅडम हसत सुटल्या! डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. "मावशी, अहो ही तर सोन्याची खाण आहे! मग मनाचं कसं विचारायचं?"

"जीवाला घोर किती, असं विचारा."

पुढचा आठवडा आम्ही नुसत्या पळत होतो. मॅडम पुढं, मी मागं, स्टूल कधी त्यांच्या काखेत तर कधी माझ्या. घरी गेलेल्या बायकांना फोन, वॉर्डात आलेल्यांना समोरासमोर. मी एवढं बोलले की घसा बसला!

बबाक्कांना विचारलं. या वेळी त्यांनी पटकन आकडा सांगितला नाही. बोटांवर मोजत बसल्या. मग म्हणाल्या, "त्याला धा पुरत न्हाईत, लेकी. माझ्या मागं नातीची वेनी कोन घालंल?" आणि तासभर बोलत राहिल्या. मॅडम एकदाही सोनं म्हणाल्या नाहीत. वही मिटून स्टुलाखाली ठेवली होती.

रिपोर्टच्या दिवशी मी दाराबाहेर फडकं घेऊन तेच हँडल पुन्हा पुन्हा पुसत उभी. मॅडमनी चूक लपवली नाही, तीच आधी सांगितली. आत हशा पिकला. मग आक्कांच्या नातीच्या वेणीचं सांगितलं, तेव्हा आत कुणी खोकलंसुद्धा नाही. खोली राहिली! मॅडम बाहेर येऊन मला अशा बिलगल्या की फडकं दोघींच्या मधे पिळून निघालं.

"मावशी, आता तुम्हीही विचारायला शिकायचं. चला, माझ्यावर सराव करा." त्यांनी मला स्टुलावर बसवलं आणि स्वतः कॉटवर बसल्या.

मी फॉर्म हातात घेऊन वाचलं. "जीवाला घोर किती?"

"आज? शून्य!" मॅडम पाय हलवत म्हणाल्या.

"घोर लागला की कुणाला सांगता?"

मॅडम हसल्या. पाय हलायचे थांबले. मारुंजीत त्या भाड्याच्या खोलीत एकट्याच राहतात. डबा एकाच माणसाचा असतो, हे मी रोज बघते, पण कधी विचारलं नव्हतं.

"थांबा, थांबा," त्या म्हणाल्या. पुढचं सोनं काही आलं नाही. मग हळूच म्हणाल्या, "मावशी, मला तान लागली आहे."

आमच्यासारखं, ण नाही, न म्हणून.

मी उठून तांब्या भरून आणला आणि परत स्टुलावर बसले. त्या सावकाश पाणी प्यायल्या. फॉर्मवर मी आकडा लिहिला नाही.