चित्रात नसलेली जांभूळ

एका जंगलात एक जुनी चौकी होती. जुनी म्हणजे किती? तर वाघमहाराजांच्या पणजोबांनी तिथे एकदा दुपारची झोप काढली होती, इतकी जुनी. त्या झोपेपासून ती वास्तू ऐतिहासिक झाली.

ऐतिहासिक म्हणजे काय, ते ठाऊक आहे का मुलांनो? जिचं गळकं छप्पर दुरुस्त करायला बंदी असते, ती वास्तू ऐतिहासिक.

तिथे घोरपडबाईंनी कलादालन काढलं. या बाई जंगलातल्या प्रत्येक समितीवर होत्या आणि एकदा खुर्ची धरली की सोडत नसत. भिंतीला खिळा मारायची अर्थातच बंदी. पणजोबांनी मुकुट अडकवलेला एक खिळा तेवढा होता. म्हणून दालनात चित्रही एकच लावायचं ठरलं. "लहान, पण निवडक," असं बाई सगळ्यांना सांगत.

चित्र कुणाचं लावायचं? तांबोजी शेकरूचं. तो निसर्गचित्रं काढायचा. समोरच्या जांभळीवर त्याचं घरटं होतं. घरट्यात बायको आणि दोन पिल्लं. तांबोजी सकाळी उठायचा, फांदीवर बसायचा, झुबकेदार शेपटी रंगात बुडवायचा आणि समोर दिसेल ते काढायचा. डोंगर, ओढा, गवत. सगळं अगदी हुबेहूब.

चित्र खिळ्यावर लागलं. शेजारीच खिडकी होती. उद्घाटनाला वाघमहाराज आले. त्यांनी चित्र पाहिलं, मग खिडकीबाहेर पाहिलं. पुन्हा चित्र पाहिलं.

"डोंगर बरोबर आहे. ओढा बरोबर आहे," महाराज म्हणाले. "पण बाहेर एक झाड जास्त दिसतंय."

सगळ्यांनी खिडकीकडे माना वळवल्या. खरंच की! बाहेर जांभूळ होती. चित्रात नव्हती.

तुम्हाला वाटेल, चित्र चुकलं म्हणतील. छे! घोरपडबाई ठामपणे म्हणाल्या, "चित्र ऐतिहासिक खिळ्यावर लागलंय, महाराज. ते चुकणार कसं?"

"मग खिडकी हलवा."

"खिडकीही ऐतिहासिक आहे."

"आणि झाड?"

"ते काय, आपोआप उगवलंय," बाई म्हणाल्या. लगेच गव्याला बोलावणं गेलं. झाडं पाडायची कामं त्याच्याकडेच असत.

तांबोजीच्या गळ्यात नुकताच हार पडला होता. तो हारासकट पुढे धावला. "महाराज, ते माझं घर आहे! आत पिल्लं आहेत!"

"मग चित्रात का काढलं नाहीस?"

"मी त्याच्यावरच बसलो होतो! मला ते दिसणार कसं?"

"कलेत सबबी चालत नाहीत," घोरपडबाई म्हणाल्या.

तेवढ्यात तांबोजीची बायको धावत आली. "अहो, हे काय करून बसलात? जगाचे डोंगर काढलेत आणि स्वतःचं घर तेवढं राहिलं?"

तांबोजीनं महाराजांचे पाय धरले. महाराज मनानं वाईट नव्हते, फक्त त्यांना भूक लागली होती. ते म्हणाले, "बरं, आमचं जेवण होईपर्यंत झाड चित्रात काढ. जे चित्रात असेल, ते राहील."

बायको पिल्लांकडे परत गेली आणि तांबोजी खिडकीशी बसला. आयुष्यात पहिल्यांदाच त्यानं आपलं झाड बाहेरून पाहिलं. केवढी देखणी होती जांभूळ! इतकी वर्षं आपण हिच्याकडे पाठ करून बसलो, याची त्याला लाज वाटली.

मग त्यानं शेपटी रंगात बुडवली. एकही फांदी सोडली नाही, एकही ढोली सोडली नाही. घरटं काढलं. घरट्यात बायको काढली, तिच्या कुशीत दोन्ही पिल्लं काढली. इतकं मन लावून त्यानं कधीच काही काढलं नव्हतं.

महाराज जेवून आले. चित्र पाहिलं, खिडकी पाहिली आणि खूश झाले. "आता जुळलं! गव्याला परत पाठवा."

तांबोजीच्या डोळ्यांत आनंदाचं पाणी आलं. तो उड्या मारत घरी गेला, घरट्यात शिरला आणि बायकोपिल्लांना घट्ट बिलगला.

इकडे महाराज पुन्हा एकदा खिडकीबाहेर डोकावले.

"घोरपडबाई," ते म्हणाले, "झाडावर एक शेकरू जास्त दिसतंय."

झालं. जे चित्रात असेल ते राहील, असा हुकूमच होता. आणि चित्रात तांबोजी नव्हता. तो आपला चित्र काढत बसला होता.

पण महाराजांना दया आली. दालन उघडं असेपर्यंत तांबोजीनं झाडावर दिसायचं नाही, बंद झालं की खुशाल घरी जावं, असं ठरलं. त्याची बायको दिवसभर पिल्लांना कुशीत घेऊन बसते. हलायची सोय नाही. आणि तांबोजी दालनाच्या दाराशी, गळ्यात वाळका हार घालून बसतो. येणारे जाणारे त्याला विचारतात, "चित्र अगदी खरं वाटतं हो! हे कुणाचं घर?"

"माझंच," तो म्हणतो.

"मग तुम्ही कुठे आहात?"

तांबोजी गळ्यातला हार सारखा करतो. संध्याकाळी घरी गेला की बायको अवघडलेले पाय चोळत म्हणते, "जाऊ द्या हो. आम्हाला तरी आठवणीनं काढलंत."

तात्पर्य : चित्र काढायला बसलात की आधी स्वतःला मधोमध काढा, मग आपलं घर काढा, आणि कागदावर जागा उरलीच तर कोपऱ्यात थोडा निसर्ग काढा. बाकीचा निसर्ग चित्राप्रमाणे करून घ्यायला समिती आहेच.